बंद पडण्याची बातमी कोण देणार?

तंत्रज्ञानाच्या बातम्या मी अनेक वर्षे नेमाने वाचत आलो आहे आणि या वाचनातून माझे एक ठाम मत बनले आहे. या क्षेत्रातली पत्रकारिता जन्माची बातमी मन लावून देते आणि मृत्यूची बातमी उरकून टाकते. नवा फोन, नवा कन्सोल किंवा नवी सेवा येणार असली की आधी अफवा येतात, मग फुटलेली छायाचित्रे येतात, सादरीकरणाच्या दिवशी मिनिटामिनिटाचे वार्तांकन होते आणि त्यानंतर पहिली नजर, सविस्तर परीक्षण, प्रतिस्पर्ध्यांशी तुलना अशी रांग लागते. तीच सेवा काही वर्षांनी बंद होते तेव्हा कंपनीच्या निवेदनातले दोन परिच्छेद उतरवून घेतले जातात आणि विषय संपतो. वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा दुसरा दिवस जास्त महत्त्वाचा असतो. त्याने साठवलेले फोटो, लिहिलेल्या नोंदी, पैसे मोजून घेतलेले गेम आणि वर्षानुवर्षे जोडलेली माणसे यांचे काय होणार, हे त्याच दिवशी ठरते.

याचे माझ्या मनात पक्के बसलेले उदाहरण म्हणजे गूगल रीडर. २००५ मध्ये सुरू झालेली, वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एकाच जागी वाचायला देणारी ही सेवा बंद होणार असल्याचे १३ मार्च २०१३ रोजी जाहीर झाले आणि १ जुलैला ती बंद झाली. वापर घटला आहे, असे कारण कंपनीने दिले. माझ्यासारख्या, दिवसाची सुरुवातच तिथे करणाऱ्या वाचकांना ते कारण पटले नाही, परंतु त्या वेळी कंपनीने एक गोष्ट नीट केली होती, ती आजही सांगण्यासारखी आहे. आपला सगळा साठा उतरवून घेण्याची सोय दिलेली होती. उतरवलेली झिप फाइल उघडली की आत सबस्क्रिप्शन्स नावाची एक एक्सएमएल फाइल मिळत असे. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून डोळ्यांनी वाचता येत होती. आपण केलेल्या कप्प्यांची नावे आणि प्रत्येकात ठेवलेल्या संकेतस्थळांची नावे व त्यांच्या फीडचे (नव्या लेखांच्या आपोआप बदलणाऱ्या यादीचे) पत्ते, एवढाच तिचा मजकूर. तारांकित करून ठेवलेले लेख वेगळ्या फाइलमध्ये होते. ही यादी दुसऱ्या कोणत्याही फीड वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चढवली की काही मिनिटांत आपले वाचन पूर्ववत सुरू होत असे.

हे शक्य झाले याचे कारण अशा फीड ज्यावर चालतात ते आरएसएस हे तंत्र कोणा एका कंपनीच्या मालकीचे नव्हते. ते १९९९ मध्ये नेटस्केपमध्ये जन्माला आले, नंतर त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, त्यांच्यात मतभेदही झाले, पण त्याचा नमुना (फॉरमॅट) सर्वांसाठी खुला राहिला. आजचे पॉडकास्ट याच पायावर उभे आहेत. रीडरमध्ये जे खुल्या नमुन्यात नव्हते ते मात्र टिकले नाही. एकमेकांना लेख पाठवण्याची आणि त्यांवर चर्चा करण्याची जी व्यवस्था तिथे होती, ती २०११ च्या अखेरीलाच काढून टाकण्यात आली होती, कारण लोकांनी ते सगळे गूगल प्लस या आपल्या समाजमाध्यमावर करावे अशी कंपनीची इच्छा होती. ज्या गूगल प्लससाठी ही वाचकांची मंडळे मोडली, ते सर्वसामान्य ग्राहकांसाठी २ एप्रिल २०१९ रोजी बंद झाले. पत्त्यांची यादी टिकली आणि माणसे पांगली, असा त्याचा हिशेब मी मांडतो.

तेव्हापासून कोणत्याही नव्या सेवेची बातमी वाचताना मी एकच प्रश्न घेऊन बसतो: ही उद्या बंद झाली, तर माझ्या हातात काय उरेल? परीक्षणात या प्रश्नाचे उत्तर बहुधा नसते. कॅमेऱ्याचे नमुने असतात, वेगाचे आलेख असतात, दर महिन्याचे शुल्क असते, परंतु माहिती कोणत्या नमुन्यात बाहेर काढता येते, ती दुसरीकडे चढते का, खाते बंद झाले तर विकत घेतलेल्या वस्तूंचे काय, याची चाचणी करून पाहिलेली क्वचित दिसते. ‘डेटा डाउनलोड करा’ हे बटण आहे एवढे सांगून भागत नाही. त्या बटणातून निघणारी फाइल इतर कोणतेही सॉफ्टवेअर वाचू शकत नसेल तर ते बटण केवळ समाधानासाठी आहे.

गेमच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे आणि म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. डिसेंबर २०१४ मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम आला. त्यात एकट्याने खेळण्यासारखे पुष्कळ होते, एक कथाही होती, तरीही तो सुरू होण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी असणे सक्तीचे होते. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि त्या दिवसापासून डिस्क घेतलेल्यांचाही गेम चालेनासा झाला. कपाटात खोका आहे, त्यात डिस्क आहे, कन्सोल ती वाचतो, पण सुरुवातीच्या पडद्यानंतर गेम पलीकडून येणाऱ्या होकाराची वाट पाहतो आणि पलीकडे कोणीच नसते. तंत्राच्या दृष्टीने शर्यतीचे रस्ते, गाड्या, संगीत यांतले पुष्कळसे डिस्कवर आणि कन्सोलवर उतरलेले असूनही खरेदीदाराला ते वापरता येत नाही, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

याविरुद्ध एप्रिल २०२४ मध्ये यूट्यूबवर गेमविषयी व्हिडिओ करणारे रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. तिच्यातून पुढे आलेल्या युरोपीय नागरिक पुढाकाराच्या (युरोपीय संघाकडे कायद्याची मागणी करण्याच्या नागरिकांसाठीच्या व्यवस्थेच्या) निवेदनावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. या मोहिमेबद्दल इतके गैरसमज पसरले की अनेक बातम्यांतही ते तसेच उतरले. कंपन्यांनी सर्व्हर अनंतकाळ चालवावेत अशी तिची मागणी नाही. पाठिंबा थांबवताना गेम खेळता येण्याजोग्या अवस्थेत सोडावा, एवढीच मागणी आहे. त्यासाठी सर्व्हरची अट काढून टाकणारे शेवटचे अपडेट देता येईल किंवा खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता यावा अशी साधने देता येतील, मार्ग कोणता ते कंपनीने ठरवावे.

व्हिडिओ गेम्स युरोप या उद्योगसंघटनेने यावर जे आक्षेप घेतले, ते मी गांभीर्याने वाचले आहेत. खेळाडूंनी चालवलेल्या सर्व्हरवर त्यांच्या माहितीचे संरक्षण आणि बेकायदा मजकुरावरचे नियंत्रण राहणार नाही आणि तरी जबाबदारी हक्कधारकांवर येऊ शकेल, असे त्यांचे एक म्हणणे आहे. अनेक गेम मुळातच ऑनलाइन चालण्यासाठी रचलेले असतात, त्यांच्यावर अशी अट लादली तर ते बनवणेच परवडणार नाही, असे दुसरे. जुन्या गेमसाठी मला दुसऱ्या आक्षेपात तथ्य दिसते. दहा वर्षांपूर्वीच्या सर्व्हरच्या कोडमध्ये इतर कंपन्यांचे परवाना घेतलेले भाग गुंतलेले असतात आणि ते सोडवून बाहेर काढण्याचे काम खर्चिक असते. परंतु ज्या गेमची आखणी आज सुरू होत आहे, त्याला हा आक्षेप लागू पडत नाही, कारण शेवट कसा करायचा हे आधी माहीत असेल तर रचना त्याप्रमाणे करता येते. व्हेलन स्टुडिओजने ‘नॉकआउट सिटी’चे अधिकृत सर्व्हर जून २०२३ मध्ये बंद करताना खेळाडूंना स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन दाखवली आणि तो काही अवाढव्य स्टुडिओ नव्हे. खुद्द युबिसॉफ्टनेही पुढे ‘द क्रू २’साठी ऑफलाइन खेळण्याची सोय देण्याचे सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले आणि २०२५ मध्ये ती दिली. जनमताचा रेटा आल्यावर जे जमते, ते आधी जमत नव्हते असे मानणे मला कठीण जाते.

त्याहून जुने उदाहरण आयडी सॉफ्टवेअर या गेम कंपनीचे आहे. १९९३ च्या ‘डूम’चे मूळ कोड त्यांनी डिसेंबर १९९७ मध्ये खुले केले. त्यामुळे तो गेम आजच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर चालवून दाखवला गेला आहे, त्यासाठी नवे नकाशे अजून बनतात आणि मूळ गेमची विक्रीही थांबलेली नाही. कोड दिल्याने धंदा बुडतो, या भीतीला यापेक्षा चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

बंद पडण्याच्या सगळ्याच कथा सारख्या नसतात, हेही नोंदवले पाहिजे. गूगलची स्टेडिया ही क्लाउड गेमिंग सेवा, म्हणजे गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालवून आपल्या पडद्यावर पाठवणारी सेवा, नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली. स्टेडियाच्या दुकानातून घेतलेल्या गेमचे आणि गूगलच्या दुकानातून घेतलेल्या उपकरणांचे पैसे कंपनीने परत केले, शिवाय कंट्रोलर इतर यंत्रांना ब्लूटूथने जोडता यावा म्हणून वेगळे अपडेटही दिले. ते उपकरण त्यामुळे कचऱ्यात गेले नाही. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा ऑनलाइन गेम २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला; त्याचेही पैसे परत मिळाले. दोन आठवड्यांत पडलेल्या गेमवर चेष्टेचा पाऊस पडला, परंतु ग्राहकाचे नुकसान तिथे सर्वांत कमी झाले आणि नऊ वर्षांहून अधिक काळ चाललेल्या ‘द क्रू’मध्ये बहुतेकांच्या हाती काहीच आले नाही, याकडे बातम्यांनी फारसे लक्ष दिले नाही. अपयशाची उंची मोजण्यात आपण रमतो आणि त्या अपयशाचे बिल कोणी भरले ते विचारायचे राहून जाते.

या सगळ्याच्या मुळाशी विक्रीच्या बटणावरचा खोटेपणा आहे. ‘विकत घ्या’ असे लिहिलेले असते आणि मिळतो तो मागे घेता येणारा परवाना. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये याबाबत कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर ते स्पष्टपणे सांगितल्याशिवाय खरेदीची भाषा वापरता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. तो लागू होण्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या पैसे भरण्याच्या पानावर परवान्याची ओळ दिसू लागली. मला हा कायदा अपुरा वाटतो, कारण तो सत्य सांगायला लावतो पण ग्राहकाला नवा हक्क देत नाही. तरीही त्याचे स्वागत करायला हवे. ग्राहकाला आपण काय घेत आहोत हे कळले तर तो पर्यायांकडे पाहील, आणि पर्याय आहेत. जीओजी हे दुकान कुलूप नसलेली इन्स्टॉलर फाइल देते. कायद्याच्या भाषेत तोही परवानाच आहे, परंतु ती फाइल आपल्या डिस्कवर उतरवून ठेवली की दुकान राहिले काय आणि गेले काय, गेम चालतो.

पुस्तके आणि चित्रफितींचीही हीच गत आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा त्या वर्षीच्या जुलैपासून विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले आणि ज्यांनी पुस्तकांत टिपणे लिहिली होती त्यांना २५ डॉलर जादा देण्यात आले. समासात लिहिलेल्या विचारांची भरपाई एका ठोक रकमेने करण्याची ती कल्पना वाचून मला फार वाईट वाटले होते. कंपनी इतरांपेक्षा उदारपणे वागली हे मान्य करूनही वाईट वाटले. डिसेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशनवर विकत घेतलेल्या डिस्कव्हरीच्या मालिका ग्राहकांच्या संग्रहातून काढल्या जातील असे जाहीर झाले. त्यावर एवढा गदारोळ झाला की त्याच महिन्यात तो निर्णय मागे घेतला गेला. बातमी वेळेवर आणि ठळकपणे दिली गेली तर काय घडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

इतिहास जपण्याचा मुद्दा यात गुंतलेलाच आहे. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली होती. ग्रंथालयांना अभ्यासकांसाठी जुने गेम दुरून खेळायला देता यावेत म्हणून मागितलेली सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. विकायचेही नाही आणि ग्रंथालयाला दाखवूही द्यायचे नाही, या भूमिकेचे समर्थन मला कोणत्याही बाजूने करता येत नाही. उरलेले काम स्वयंसेवक करतात. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि गेम चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा पाठिंबा थांबवला आणि ब्राउझरमधले हजारो छोटे गेम काही दिवसांत निर्जीव झाले. ते आज पुन्हा चालतात ते फ्लॅशपॉइंटसारख्या संग्रहामुळे आणि रफलसारख्या मुक्त एम्युलेटरमुळे (फ्लॅशची नक्कल करून त्याच्या फाइल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे). फ्लॅशच्या बाबतीत एवढे तरी बरे होते की बंद होण्याची घोषणा जुलै २०१७ मध्ये, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ आधी झाली होती. जतन करणाऱ्यांना वेळ मिळाला.

परीक्षणे पहिल्या दिवसासाठीच लिहिली जातात, हा दोष दोन्ही दिशांनी दिसतो. ‘सायबरपंक २०७७’ची प्रकाशनापूर्वीची परीक्षणे पीसीवरच्या आवृत्तीची होती, १० डिसेंबर २०२० नंतर जुन्या कन्सोलवर त्याची काय अवस्था आहे ते कळले आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. उलट ‘नो मॅन्स स्काय’ २०१६ मध्ये निराशाजनक ठरला आणि नंतरच्या अनेक मोफत अपडेटमुळे वेगळाच गेम झाला. पहिल्या आठवड्यातले गुण दोन्ही गेमबद्दल आज काही सांगत नाहीत. वर्षभराने परत जाऊन पाहणारे परीक्षक मला म्हणूनच अधिक विश्वासार्ह वाटतात.

बातम्या देणाऱ्या संस्थाही या नियमाला अपवाद नाहीत. १९९१ पासून निघणारे ‘गेम इन्फॉर्मर’ हे नियतकालिक ऑगस्ट २०२४ मध्ये मालक कंपनीने बंद केले आणि त्याच दिवशी संकेतस्थळावरचे सारे लेख नाहीसे होऊन तिथे फक्त निरोपाचा मजकूर उरला. जुन्या गेमवरचे समकालीन लेखन म्हणजे त्या गेमइतकाच महत्त्वाचा पुरावा असतो आणि तो एका निर्णयासरशी पुसला गेला. पुढे मार्च २०२५ मध्ये नव्या मालकाखाली ते जुन्याच संपादकांसह परत आले आणि जुने लेखही परतले, याचा मला मनापासून आनंद झाला. पण मधले सात महिने तो सगळा ठेवा एका व्यवहाराच्या मर्जीवर अवलंबून होता. ज्यांच्याकडे छापील अंक होते, त्यांना ही काळजी नव्हती.

मग परीक्षकांनी काय करावे? फोनच्या बाबतीत याचे उत्तर मिळालेले आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत अँड्रॉइड फोनला किती काळ अपडेट मिळणार हे परीक्षणाच्या शेवटी एखाद्या वाक्यात यायचे किंवा यायचेच नाही. नंतर लोक विचारू लागले, परीक्षक तो आकडा बॅटरी आणि पडद्याच्या बरोबरीने छापू लागले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी सात वर्षांचे वचन दिल्यावर जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगनेही गॅलेक्सी एस २४ साठी तेच वचन दिले. आकडा छापला गेला म्हणून त्यावर स्पर्धा झाली. गेमच्या आणि ऑनलाइन सेवांच्या परीक्षणातही तसाच एक ठरलेला कोपरा असावा: इंटरनेट तोडून पाहिले तेव्हा किती चालले, माहिती बाहेर काढून दुसरीकडे चढवून पाहिली तेव्हा काय हरवले, सर्व्हर किमान कोणत्या वर्षापर्यंत चालवण्याचे कंपनीने लेखी कबूल केले आहे आणि बंद करताना किती महिने आधी सांगणार. कंपनीने उत्तर दिले नाही, तर ‘विचारले, उत्तर मिळाले नाही’ एवढेच छापावे. पुढच्या मोठ्या ऑनलाइन गेमच्या परीक्षणात मी गुणांच्या आधी हा कोपरा शोधणार आहे, आणि तो नसेल तर त्या परीक्षकाला पत्र लिहून मागणार आहे.